प्रतिक्रियांखाली नावं दिसावीत का? अकरा वर्षं चर्चामंडळ चालवल्यानंतरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचं एक ऑनलाइन चर्चामंडळ आहे, सदस्य साधारण बाराशे. प्रत्येक लेखाखाली आणि प्रतिसादाखाली 'आवडलं', 'उपयोगी', 'सहमत' आणि 'पटलं नाही' अशी चार बटणं आहेत. सध्या फक्त आकडा दिसतो, तोही धागा (म्हणजे लेख आणि त्याखालचे प्रतिसाद) उघडून तळाशी गेल्यावर. बटण कुणी दाबलं हे एकट्या लेखकाला कळतं. आता काही सदस्यांची मागणी आहे की नावं सगळ्यांना दिसावीत, आकडे मुखपृष्ठावरच्या यादीत यावेत आणि प्रत्येक सदस्याच्या पानावर त्यानं आजवर कशाकशाला दाद दिली याची यादी असावी. संचालकांनी विचारलंय: हे केल्यानं चर्चा वाढेल, की भांडणं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. 'आवडलं' आणि 'उपयोगी' यांच्याखालची नावं खुशाल दाखवा, पण आजपासून पुढच्या प्रतिक्रियांचीच. 'सहमत'चं नाव दाखवायचं की नाही, हे दाबणाऱ्याला ठरवू द्या. 'पटलं नाही'चं नाव कधीच दाखवू नका, आकडाही नको. मुखपृष्ठावर आकडे आणायचे तर लेख आल्यानंतर एक दिवस जाऊ द्या. आणि सदस्याच्या पानावरची ती यादी मात्र करूच नका. तुमच्या सगळ्या मागण्यांत मला भीती वाटते ती तिचीच.

मी अकरा वर्षं द्राक्ष बागायतदारांचं एक मराठी चर्चामंडळ सांभाळलं. तासगाव-मिरजेपासून निफाड-दिंडोरीपर्यंतचे शेतकरी, काही सल्लागार, काही कृषी सेवा केंद्रवाले, थोडे विद्यार्थी. नावं दाखवण्याचा निर्णय आम्हीही घेतला होता. त्यातून जे चांगलं झालं ते फार मोलाचं होतं आणि जी चूक झाली ती माझ्या हातून झाली. दोन्ही सांगतो.

चांगलं आधी. नावं नव्हती तेव्हा एखाद्या सल्ल्याखाली 'उपयोगी १४' एवढंच दिसायचं. हे चौदा जण कोण, काही कळायचं नाही. खुंटांबद्दलचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर द्राक्षाचं कलम करतात त्यांच्याबद्दलचा, एक धागा आठवतो. एका तरुण मुलानं लिहिलं होतं की त्याच्या चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडत होती, ती त्यानं कशी सावरली. मुलगा नवीन, त्याला कुणी ओळखत नव्हतं. नावं दिसायला लागली तेव्हा त्या चौदांत तीन नावं अशी निघाली, ज्यांच्या बागा चुनखडीच्याच रानात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातले एक काका पस्तीस वर्षं बाग करणारे, आयुष्यात चार ओळींपेक्षा मोठा प्रतिसाद न लिहिलेले. त्यांचं नुसतं नाव तिथं दिसलं आणि त्या मुलाचा धागा लोकांनी पुन्हा वर आणला, प्रश्न विचारले, आपापल्या माती परीक्षणाचे अहवाल टाकले. चौदा हा आकडा तोच होता. नावांमुळे त्याला अर्थ आला.

नाव दाखवण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि ही मागणी करणाऱ्या तुमच्या सदस्यांना बहुधा तोच जाणवत असणार. बहुवर्ग अध्यापनावरच्या (एकाच शिक्षकानं एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्यावरच्या) एखाद्या लेखाला तीस जणांनी 'उपयोगी' म्हटलं, यापेक्षा त्यात दुर्गम भागातल्या द्विशिक्षकी शाळांवरचे सहा शिक्षक आहेत, ही माहिती मोठी. जो लिहीत नाही पण जाणतो, त्याचं मत नावातून बाहेर येतं. आपल्याकडे अशी माणसं फार आहेत. मराठी चर्चास्थळांवर त्यांना 'वाचनमात्र' म्हणतात, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. टंकायचा कंटाळा असतो किंवा आपलं शुद्धलेखन बरोबर असेल का याची धास्ती असते. एक बटण आणि त्याखाली नाव, एवढ्यानं ती माणसं चर्चेत येतात.

दुसरा फायदा साधा आहे. बटणाला किंमत आली की 'छान लेख', 'सहमत', '+१' एवढ्यासाठी येणारे प्रतिसाद घटतात. प्रोग्रामर मंडळी जिथं मिळून प्रकल्प चालवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर हाच त्रास होता. एखाद्या तक्रारीखाली शेकडो '+१' पडायचे आणि त्यात कामाचं उत्तर बुडून जायचं. २०१६च्या सुरुवातीला तिथल्या बऱ्याच प्रकल्प-चालकांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये गिटहबनं प्रतिक्रियांची बटणं आणली. तिथं नावं दिसतात, कारण '+१' लिहिणाऱ्याचंही नाव दिसतच होतं. लोकांना 'मीही आहे' असं म्हणायचं असतं. नाव झाकलं तर ते म्हणता येत नाही, मग ते पुन्हा प्रतिसादच लिहितात.

आता माझी चूक.

ऑक्टोबरचे दिवस होते. गोडी छाटण्या सुरू होत्या आणि परतीचा पाऊस हटायला तयार नव्हता. ज्यांना द्राक्षाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस लागला की डाऊनी हा पानांवरचा, घडांवरचा रोग येतो. पान ओलं राहिलं की तो हातात सापडत नाही, घडच्या घड जातात. त्या पंधरा दिवसांत औषध आज मिळणं आणि परवा मिळणं यात वर्षाचं पीक जाऊ शकतं.

तर अशा एका संध्याकाळी मी मंडळाच्या सॉफ्टवेअरमधली 'नावं सर्वांना दाखवा' ही खूण चालू केली. चर्चा आधी झाली होती, बहुमतही होतं. पण एक गोष्ट मी तपासली नव्हती: ती खूण मागच्या सगळ्या प्रतिक्रियांना लागू होत होती. चार वर्षांपूर्वी दाबलेलं बटणसुद्धा त्या क्षणी नावासकट उघडं पडलं.

जुन्यांत एक धागा होता. तासगावकडच्या एका बागायतदारानं लिहिलं होतं की डाऊनीचं औषध मागायला गेलं की दुकानदार सोबत दोन टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारतो, त्यांचा काही उपयोग होत नाही, पण उधारीवर घेतो म्हणून नाही म्हणता येत नाही. एकेचाळीस जणांनी 'सहमत' दाबलं होतं. त्यांना तेव्हा सांगितलेलं होतं की नाव फक्त लिहिणाऱ्याला दिसेल. आमच्या मंडळावर दुकानदारही सदस्य होते. त्यातल्या एकाला त्या एकेचाळिसांत आपली सहा गिऱ्हाइकं सापडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकाचा फोन आला. दोन एकर बाग, छाटून अठरा दिवस झालेले. "साहेब, त्या जुन्या लेखाखालचं माझं नाव काढा. दुकानात गेलो तर वही पुढं केली. आधी मागचं मिटवा म्हणाले, मग औषध." द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येतात. ऑक्टोबरमध्ये कुणाकडेच मागचं मिटवायला पैसा नसतो, म्हणून तर उधारी. मी त्याच तासाला सगळी नावं बंद केली. पण जे दिसलं ते दिसलं होतं. त्यानं मेहुण्याकडून पैसे घेऊन दुसऱ्या गावातून औषध आणलं, त्यात दोन दिवस गेले. बाग वाचली, पण सगळी नाही. तो आजही मंडळावर वाचतो. त्यानंतर एकही बटण त्यानं दाबलेलं नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण 'मागचं उघड करू नका' हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो. किरकोळ नाही. माणसानं बटण ज्या अटीवर दाबलं ती अट नंतर बदलणं म्हणजे त्याचा शब्द त्याला न विचारता दुसऱ्याला दाखवणं. देशाच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: माहिती ज्या कारणासाठी संमती घेऊन घेतली, त्याच कारणासाठी वापरायची. तुमचं मंडळ लहान आहे, कायद्याचा बडगा हा इथला मुद्दाच नाही. पण सूत्र पाळा.

तुमच्या मंडळात दुकानदाराच्या जागी कोण आहे, याचा विचार आजच करा. तुम्ही लिहिलंय की शिक्षकांच्या वरचे काही केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारीही सदस्य आहेत. ते असणं चांगलंच आहे. पण उद्या कुणी लिहिलं की ऑनलाइन माहिती भरण्यात आठवड्याचे सहा तास जातात आणि वर्ग वाऱ्यावर राहतो, तर त्याखाली 'सहमत' दाबणाऱ्या शिक्षिकेचं नाव तिच्या केंद्रप्रमुखांना दिसेल. ते भले असतील, काहीच करणार नाहीत. पण तिला ते आधी माहीत नसतं. बदलीची यादी लागायची असते, शेरे लिहायचे असतात. ती विचार करेल आणि अंगठा मागे घेईल. अशी मागे घेतलेली बोटं कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. संचालकाला वाटतं, सगळं शांत आहे.

'बटणच तर दाबलं' असं म्हणून हे उडवून लावता येत नाही, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत बंद पाळला गेला, त्यावर प्रश्न करणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती लाईक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली, लिहिणारीला आणि लाईक करणारीलाही. पुढे तो खटला बंद झाला, आणि त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. पण त्या दिवशी त्या मुलीनं केलं होतं ते एवढंच: एका बटणावर बोट. तिचं नाव मात्र सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून मी बटणांना एका मापानं मोजत नाही. 'उपयोगी' हे कौतुक आहे. ते उघड केल्यानं घेणाऱ्याला आनंद आणि वाचणाऱ्याला माहिती मिळते, देणाऱ्याला सहसा धोका नसतो. 'सहमत' ही बाजू घेणं आहे. विषय फळ्यावरच्या खडूचा असेल तर निर्धास्त, विषय अधिकाऱ्यांचा असेल तर जोखमीचा. बटण एकच, पण जोखीम धाग्यागणिक बदलते. त्यामुळे तिथं निवड दाबणाऱ्याकडे हवी: 'नावासह' की 'नावाविना'. आणि न विचारता आधीच लावलेली खूण 'नावाविना'ची हवी. उलटं केलंत तर ज्यानं नाव झाकलं तोच डोळ्यांवर येतो.

'पटलं नाही'ची गोष्ट वेगळी. कौतुकाखाली नाव असलं की ओळख वाढते, नापसंतीखाली नाव असलं की हिशेब सुरू होतो. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. गावात दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यासाठी महिलांचं मतदान होतं तेव्हा उभी बाटली की आडवी बाटली हा शिक्का गुप्तपणेच मारतात. दुकानाचा मालक त्याच गल्लीत राहतो. हात वर करायला सांगितले असते तर किती गावांत बाटली आडवी झाली असती?

मोठ्या कंपन्याही फिरून फिरून इथंच आल्या. यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१मध्ये नापसंतीचा आकडा लोकांना दिसणं बंद केलं. बटण ठेवलं, आकडा फक्त व्हिडिओ करणाऱ्याला. कारण लहान चॅनेलांवर ठरवून नापसंतीचा मारा होत होता. लोक आकडा वाढताना बघायला यायचे. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो २००८पासून चालू आहे आणि तिथं कुणी वर मत (पसंती) दिलं, कुणी खाली (नापसंती), हे कधीच दाखवत नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या उत्तराला खाली मत देणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण कमी होतो. हे मला फार आवडतं: नाव लपवायचं तर लपवा, पण नापसंती फुकट नसावी. एक्सनं (पूर्वीच्या ट्विटरनं) तर जून २०२४मध्ये लाईक करणाऱ्यांची नावंच लोकांपासून झाकली. अडचणीच्या मजकुराला लाईक करायला लोक कचरतात, हे त्यांनी दिलेलं कारण. त्या कारणामागचे बाकीचे हेतू काही असोत, निरीक्षण खरं आहे.

आमच्याकडे शेवटी 'पटलं नाही' काढूनच टाकलं. त्या जागी 'माझा अनुभव वेगळा आहे' असं बटण ठेवलं. ते दाबलं की नुसता आकडा वाढत नाही, लिहायची चौकट उघडते आणि किमान दोन ओळी लिहाव्या लागतात. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या की ही सक्ती कशाला. मग लोकांना सवय झाली. एका औषधाच्या प्रमाणाबद्दलचा धागा या बटणामुळेच दुरुस्त झाला: तिघांनी लिहिलं की त्यांच्याकडे एवढ्या प्रमाणात घडांवर डाग पडले. नुसतं 'पटलं नाही ३' असं दिसलं असतं तर लेखक रुसला असता आणि डाग पुढच्याच्या बागेत पडले असते.

आता आकडे मुखपृष्ठावर आणण्याबद्दल. यात माणसांचं वागणं बरंच तपासलं गेलंय, म्हणून ठामपणे बोलता येतं. २०१३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर पाच महिन्यांत लाखाहून अधिक प्रतिसाद घेतले, आणि काहींना लिहिल्या लिहिल्याच एक खोटं 'वर' मत देऊन टाकलं. दुसरं काही केलं नाही, फक्त एक मत. तेवढ्यानं पुढच्या वाचकानं वर मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अशा प्रतिसादांचा शेवटचा गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरला. खोटं 'खाली' मत मात्र लोकांनी आपणहून भरून काढलं. म्हणजे आकड्यांची सूज खोट्या कौतुकानं येते, आणि ती उतरत नाही.

त्याच्याही आधी, २००६मध्ये, चौदा हजारांवर लोकांना घेऊन गाण्यांचा प्रयोग झाला होता. ४८ अनोळखी गाणी, लोकांचे वेगवेगळे गट. काहींना इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं हे दिसत होतं, काहींना नाही. जिथं आकडे दिसत होते तिथं लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागटात वेगळं निघालं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही जणांच्या हातात गेलं.

शिक्षकांच्या मंडळावर याचा अर्थ काय? सकाळी सात वाजता लेख आला आणि लेखकाच्या चार मित्रांनी साडेसातला 'आवडलं' दाबलं, तर दहाच्या सुट्टीत मोबाइल उघडणाऱ्याला तो लेख चांगलाच वाटणार. आणि दुपारी कुणा नव्या शिक्षणसेवकानं टाकलेला, शून्य आकड्याचा लेख तो उघडणारच नाही. म्हणून पहिले चोवीस तास आकडा झाका. रेडिट या मोठ्या चर्चास्थळावर अशी सोय २०१३पासून आहे, प्रतिसादाचे गुण ठरावीक काळ लपवायची मुभा तिथल्या नियंत्रकांना असते. एक दिवसानंतर मुखपृष्ठावर दाखवायला हरकत नाही. पण यादीचा क्रम आकड्यावर लावू नका. क्रम शेवटच्या प्रतिसादाच्या वेळेवरच ठेवा. आकडा दिसणं एक आणि आकड्यानं जागा मिळणं वेगळं.

कंपूबाजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच होतात. मराठी चर्चास्थळांवर जो दोन वर्षं राहिला त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नावं दिसायला लागली की पाच-सात जण एकमेकांच्या प्रत्येक लेखाला दाद देतात. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. गावाकडच्या लग्नात माइकवरून आहेर पुकारतात: अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. नाव आणि रक्कम सगळ्या मांडवाला ऐकू जाते, शिवाय वहीत लिहिली जाते. पुढे त्या घरी कार्य निघालं की वही काढून तेवढाच किंवा थोडा वरचढ आहेर करायचा. यात माणुसकीही आहे आणि ओझंही. नावासह दिसणारी दाद हळूहळू तशीच होते. त्यानं माझ्या लेखाला दिली, आता मला द्यायला हवी. आणि ज्यानं दिली नाही तोही दिसतोच.

यावर पूर्ण उपाय नाही, पण ओझं हलकं करता येतं. नावं लेखाखाली दिसू द्या, पण 'सर्वाधिक दाद मिळालेले सदस्य' असली यादी लावू नका. लेखकाला प्रत्येक दादेगणिक सूचना पाठवू नका, दिवसातून एकदा एकत्र पाठवा. सूचना जितकी ताजी, तितकी परतफेड तातडीची. विकिपीडियानं २०१३मध्ये 'धन्यवाद'ची सोय आणली तेव्हा एक छान तोल साधला: कुणी कुणाचे आभार मानले याची नोंद जाहीर असते, पण नेमक्या कुठल्या संपादनासाठी मानले हे जाहीर नोंदीत नसतं. ते आभार ज्याचे मानले त्यालाच कळतात. आपल्या गरजेपुरतं उघडं आणि बाकीचं त्या दोघांत. तुमच्या मंडळाला जशास तसं लागू होणार नाही, पण हा विचार मनात ठेवा.

आता सदस्याच्या पानावरची ती यादी. तीनशे धाग्यांखाली विखुरलेली तीनशे नावं कुणी गोळा करत बसत नाही. तीच एका पानावर तारखेनिशी आली की माणसाची कुंडली तयार होते: हा कोणत्या संघटनेच्या बाजूचा, कुणाच्या विरोधात, रात्री किती वाजता जागा असतो, शाळेच्या वेळेत मोबाइल बघतो का. शेवटचं वाक्य तुमच्या मंडळासाठी मुद्दाम लिहिलंय. मागणी करणाऱ्याला बहुतेक आपण दाद दिलेले लेख पुन्हा सापडावेत एवढंच हवं असतं. ती सोय द्या, पण ज्याची यादी त्यालाच दिसेल अशी. त्याच कारणासाठी प्रतिक्रियेची वेळही दाखवू नका, नाव पुरे.

काही गोष्टी सॉफ्टवेअरवाल्याला बसवून घेऊन तपासा. पडद्यावर झाकलेलं नाव पानाच्या आतल्या कोडमध्ये जात असेल तर ते झाकलेलं नाही. ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून स्वतः नाव शोधा. नावं फक्त प्रवेश केलेल्या सदस्यांना दिसावीत, गुगलच्या शोधात येता कामा नयेत. आमच्याकडे एकदा रोजच्या ईमेल सारांशात नावं जात होती आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. माउस नेल्यावर उघडणारी नावांची चौकट मोबाइलवर चालत नाही. तुमचे बहुतेक सदस्य मोबाइलवरच असणार, तिथं आकड्याला स्पर्श केला की नावं उघडायला हवीत, आणि चुकून बटणच दाबलं जाणार नाही इतकं अंतर दोन्हींत हवं. सदस्यानं प्रतिक्रिया मागे घेतली की नाव मागमूस न ठेवता जावं. सदस्यत्व सोडलं की त्यानं दिलेली सगळी दाद 'माजी सदस्य' या नावावर जावी, म्हणजे आकडा राहतो आणि माणूस सुटतो. आणि डुआयडींचा (एकाच माणसाच्या दुसऱ्या खात्यांचा) बंदोबस्त आधी करा. एका माणसाची तीन खाती असतील तर नावं दाखवण्याचा सगळा फायदाच उलटतो.

बदल जाहीर करताना लांब धोरण लिहू नका, कुणी वाचत नाही. आम्ही दुसऱ्या वेळी लावलेली सूचना अशी होती: 'एक तारखेपासून "उपयोगी" आणि "आवडलं" दाबल्यास तुमचं नाव सर्व सदस्यांना दिसेल. त्याआधी दाबलेल्यांची नावं पूर्वीसारखीच फक्त लेखकाला दिसतील. नाव दाखवायचं नसेल तर बटण दाबून धरा, "नावाविना" निवडा.' ती तीन आठवडे मुखपृष्ठावर ठेवली, आणि एक तारखेनंतर ज्यानं पहिल्यांदा बटण दाबलं त्याला तेवढ्यापुरती एक ओळ दाखवली: 'हे नावासह दिसेल, चालेल?' एकदाच विचारलं. त्या एका ओळीनं जेवढा विश्वास परत आला तेवढा माझ्या कुठल्याच माफीनं आला नव्हता.

महिनाभरानं यश मोजाल तेव्हा एकूण किती बटणं दाबली गेली हा आकडा बघू नका, तो वाढलेलाच असेल. आधी आठवड्यातून एकदा तरी बटण दाबणारे आणि आता महिनाभर एकदाही न दाबलेले सदस्य कोण, ती यादी काढा. त्यातल्या पाच जणांना फोन करा. मेसेज नको, फोनच करा, आणि शाळा सुटल्यावर. 'नावं दिसतात म्हणून थांबलात का?' असं थेट विचारू नका, 'नाही हो, वेळच मिळत नाही' असंच उत्तर येईल. हल्ली मंडळावर काय वाचलंत, कुठला लेख आवडला, इथून सुरुवात करा. आवडलेला लेख सांगतील. मग तो धागा उघडा आणि त्यांचं नाव तिथं आहे का बघा.